धागा: बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीतली मांजरं – पकडणं, ऑपरेशन आणि परत सोडणं

शहापूरकरीण

नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीत सध्या अकरा मोठी मांजरं आहेत, त्यातल्या सहा भाट्या, म्हणजे माद्या. गेल्या पावसाळ्यात दोन घरांच्या माळ्यावर पिल्लं झाली. त्यातली बहुतेक श्रावण संपायच्या आत गेली, काही गाडीखाली, काही नाका-डोळ्यांतून पाणी येऊन. समोरच्या आजी रोज संध्याकाळी दूधभात घालतात. मी बांगड्याची डोकी उकडून भातात कालवते. पण नुसतं खायला घालत राहिलं तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच बघायचं, आणि ते मला बघवत नाही.

म्हणून यंदा गल्लीतल्या सगळ्याच मांजरांचं निर्बीजीकरण करायचं ठरवलंय. डॉक्टरांशी बोलणं झालंय, दोन पिंजरे मिळालेत. घाई एवढ्यासाठी की संक्रांत जवळ आली. दिवस मोठा व्हायला लागला की भाट्या माजावर येतात, बोके रात्रभर कौलांवर ओरडत फिरतात, आणि त्यानंतर साधारण नऊ आठवड्यांनी पिल्लं.

अडचण अशी आहे की एक काळी भाटी पिंजऱ्याच्या आसपाससुद्धा फिरकत नाही. तिरंगीला सध्या पिल्लं आहेत, बहुतेक विणकामाच्या जुन्या मागाच्या खोलीत. आणि शेजारच्यांचं म्हणणं, एवढा खटाटोप कशाला, पोत्यात घालून लांब सोडून या. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

टिळकवाडीचे काका

ताई, लांब सोडण्याचं आधी बोलतो, कारण आमच्या भागात लोकांनी हेच केलं होतं. मांजर जागेला धरून राहणारं जनावर. सोडलेली काही मांजरं परत येतात. बाकीची अनोळखी जागी कुत्र्यांच्या नाहीतर गाड्यांच्या तावडीत सापडतात. आणि तुमची गल्ली रिकामी राहतच नाही. उंदीर तिथेच, मासळीचा कचरा तिथेच, बसायला कौलं आणि माळे तिथेच. दोन-तीन महिन्यांत शेजारच्या गल्लीतली मांजरं येऊन बसतात, ती ऑपरेशन न झालेली असतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. ऑपरेशन झालेलं मांजर आपली जागा राखतं, नव्याला सहजासहजी शिरू देत नाही. परत त्याच जागी सोडायचं, त्यामागचं कारण हे.

शिवाय जनावर असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसतं, आणि कुणी विष घालायचं बोलत असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शेजाऱ्यांना धमकी म्हणून नका सांगू, माहिती म्हणून सांगा.

कॅम्पातली

काका +१. आमच्याकडे मटण-मासळीची दुकानं जवळ, त्यामुळे मांजरं कायमचीच.

शहापूरकरीण ताई, काळीसाठी सांगते. पिंजरा आणला आणि लगेच लावला, असं करू नका. रोजच्या जेवणाच्या जागी तो ठेवून द्या, दार वर ताराने पक्कं बांधून टाका, म्हणजे पडणारच नाही. पहिल्यांदा ताटली पिंजऱ्याबाहेर, मग दाराशी, मग आत, मग अगदी शेवटच्या टोकाला, पायपट्टीच्या (जिच्यावर पाय पडला की दार पडतं) पलीकडे. तळाला वर्तमानपत्र घाला. जाळीवर पाय टेकलेला मांजरांना आवडत नाही, तिथूनच मागे फिरतात. वरून जुनं लुगडं टाकून ठेवा. मांजरं आत शिरून निवांत खायला लागली की ज्या दिवशी पकडायचं त्याच्या आदल्या संध्याकाळी जेवण बंद, आणि ही गोष्ट गल्लीतल्या प्रत्येक घराला सांगून ठेवायची. आजींना तर आधी. एका घरातून दूधभात मिळाला की भुकेलं मांजर पिंजऱ्याकडे येतच नाही.

आमिष वासाचं हवं. भाजलेला सुका बांगडा, नाहीतर तारली. दाराबाहेरून चिमूट चिमूट टाकत आत न्या.

दार पडल्याबरोबर पिंजरा पूर्ण झाकायचा, क्षणाचाही उशीर नको. उजेडात मांजर जाळीवर नाक घासून रक्तबंबाळ करून घेतं. अंधार झाला की दोन मिनिटांत गप्प बसतं. आणि लावलेला पिंजरा सोडून घरी जायचं नाही. लांब उभं राहून बघत राहायचं. भटकी कुत्री कधी येतील सांगता येत नाही.

शहापूरकरीण

@कॅम्पातली, वर्तमानपत्राचं माहीत नव्हतं. आणि काळी तरीही आली नाही तर?

कॅम्पातली

मग वरून पडणारा सापळा. सुताराकडून लाकडी चौकट करून घ्या, साधारण तीन फूट लांब-रुंद आणि फूटभर उंच, एका बाजूला लहान दार ठेवून, वर मच्छीमार वापरतात तसली जाड जाळी ताणून बसवायची. एक बाजू काठीवर उचलून धरायची, काठीला लांब दोरी. खाली ताटली. इथे मांजराला बोगद्यात शिरल्यासारखं वाटत नाही, म्हणून पिंजऱ्याला घाबरणारीही येतात. दुसरा फायदा म्हणजे दोरी तुमच्या हातात. ऑपरेशन झालेलं मांजर जेवत असेल तर ओढायची नाही, काळी आली की ओढायची. सापळा पडला की माणसाने पटकन जाऊन चौकट दाबून धरायची आणि चादर टाकायची. मग चौकटीच्या लहान दाराला पिंजरा लावून मांजर त्यात घ्यायचं. हाताने उचलायला कुणीही जायचं नाही.

पशुवैद्य, चिकोडी

मी डॉक्टर म्हणून थोडं लिहितो.

तिरंगीचं आधी. पिल्लं किती दिवसांची आहेत ते कळलं पाहिजे. ती चालत बाहेर येऊन खाऊ लागली असतील तर चार-पाच आठवडे झाले समजा. सहा-आठ आठवड्यांपर्यंत थांबता आलं तर उत्तम. पण एक लक्षात घ्या, मांजर पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकतं. त्यामुळे हाती लागलेली पाजणारी भाटी ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून सोडून दिली की पुढच्या वेळी तिच्या पोटात पिल्लं असतात. पिल्लं थोडी मोठी असतील तर सकाळी पहिली केस म्हणून करून, शुद्धीवर नीट आली की त्याच संध्याकाळी जागेवर सोडता येतं. अशा वेळी आम्ही पोटाच्या मधोमध न कापता कुशीतून छेद घेतो, म्हणजे पिल्लांच्या तोंडाशी टाका येत नाही आणि लांबून जखम दिसतेही. टाके विरघळणारे घालतो. भटक्या मांजराला टाके काढायला पुन्हा पकडायला लागू नये.

पकडलेल्या प्रत्येक भाटीचं पोट बघून घ्या. आचळांभोवतीचे केस गेलेत, आचळं लांब आणि ओली दिसतात, तर कुठेतरी पिल्लं आहेत आणि तुमच्याकडे वेळ कमी आहे. डॉक्टरांना आत शिरताच हे सांगा.

वय चार महिने किंवा वजन दोन किलो झालं की ऑपरेशन होतं. लोक वर्षाचं होईपर्यंत थांबतात, आणि भाटी चौथ्या-पाचव्या महिन्यात गाभण राहते. एका वेतात तीन ते पाच पिल्लं, वर्षाला दोन-तीन वेतं सहज. आपल्याकडे उन्हाळ्या-हिवाळ्यातला दिवस थंड देशांइतका लहान-मोठा होत नाही, म्हणून बाराही महिने माज दिसतो. संक्रांतीनंतरचा जोर मात्र खरा आहे, तुम्ही वेळ बरोबर निवडलीय.

उपाशी किती ठेवायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. मोठ्यांना साधारण रात्रभर, लहान पिल्लांना तेवढं नाही. त्यांची साखर लगेच उतरते.

टिळकवाडीचे काका

डॉक्टरसाहेब, ऑपरेशननंतर किती दिवस ठेवायचं? आणि ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून तो कान कापण्याचा प्रकार आमच्या घरच्यांना क्रूर वाटतो.

पशुवैद्य, चिकोडी

बोका चोवीस तासांनी सोडता येतो. भाटीला दोन-तीन दिवस तरी ठेवा, जागा असेल तर जास्त. पाजणारी असेल तर वर सांगितल्याप्रमाणे. खोली बंद, अंधारी आणि उबदार हवी. ‘उबदार’ हे पुन्हा लिहितो, कारण भूल दिलेल्या मांजराचं अंग पटकन थंड पडतं आणि बेळगावची पौषातली रात्र त्यात भर घालते. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या एका बाजूला ठेवा, अंगाला थेट चिकटवू नका. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाण्याची वाटी आत ठेवायची नाही, तोंड बुडून जीव जातो. मग थोडं पाणी, थोडं जेवण.

दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका. मांजराच्या यकृताला ते औषध निकामी करता येत नाही, अर्धी गोळीसुद्धा जीव घेते. वेदनाशामक आणि जास्त दिवस चालणारं प्रतिजैविक आम्ही इंजेक्शनातूनच देतो, म्हणजे गोळ्या चारायचा प्रश्नच उरत नाही. त्याच भुलीत रेबीजची लसही टोचून घ्या.

कानाचं. डाव्या कानाचं टोक, मोठ्या मांजराचं जेमतेम एक सेंटिमीटर, भुलीतच काढतात आणि आठवड्यात भरून येतं. हे नसलं तर काय होतं ते मी टेबलावर पाहिलंय. भाटी आली, भूल दिली, पोट उघडलं, आत गर्भाशयच नाही. आधी कुणीतरी ऑपरेशन केलेलं, खूण नव्हती. त्या मुक्या जिवाला दुसऱ्यांदा कापायला लागलं. सपाट कान दहा-पंधरा फुटांवरून दिसतो. घरच्यांना हे सांगा, पटेल.

वडगावचा मागवाला

आमच्या वडगाव-खासबागेत माग असलेल्या घरांना मांजर पाहिजेच असतं. उंदरांनी एका रात्रीत रेशमाच्या लड्या कुरतडल्या तर आठवड्याची मजुरी जाते. म्हणून विचारतो, ऑपरेशन केल्यावर मांजर सुस्त होतं, उंदीर मारत नाही असं सगळेच म्हणतात. खरं काय?

पशुवैद्य, चिकोडी

शिकार करणं आणि माज येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑपरेशनने शिकार थांबत नाही. बोक्यांची भटकंती, मारामाऱ्या आणि दारादारांत मुतून खुणा करणं कमी होतं. मारामाऱ्या कमी म्हणजे चाव्यांतून पसरणारे रोगही कमी. पोटभर जेवलेलं मांजरसुद्धा उंदीर मारतं, फक्त खातंच असं नाही.

एकच करा, मांजर ठेवलंय तर उंदराचं औषध ठेवू नका. औषध खाऊन सुस्तावलेला उंदीर मांजराच्या तोंडी लागला की मांजराचं आतल्या आत रक्त जातं. हिरड्या पांढऱ्या दिसल्या, मांजर मलूल पडलं तर वाट न बघता दवाखान्यात आणा. त्यावर जीवनसत्त्व ‘के’ चा उपाय आहे, पण वेळेत यायला हवं.

निपाणीकर

आमच्या तंबाखूच्या वखारींतही हेच. वखारीत मांजरं असतात आणि मालकांना ती हवीही असतात, पण पिल्लांचं कुणी बघत नाही. हा धागा वाचून वखारीतल्या पोरांना दाखवला.

मला विचारायचंय ते जेवणाबद्दल. आमच्या गल्लीत जैन आणि लिंगायत घरं जास्त. दारात मासळीचा वास आला की वाद होतो, आणि त्यांचंही चूक नाही. दुसरीकडे मांजराला नुसत्या दूधभातावर ठेवायला माझं मन होत नाही.

शहापूरकरीण

दादा, आमच्याकडेही हा विषय निघाला होता. आम्ही जेवणाची जागाच बदलली. कुणाच्या दारात नाही, जिन्याखाली नाही, मुलं खेळतात तिथे तर नाहीच. गल्लीच्या टोकाला बंद वाड्याच्या भिंतीकडे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत विसावा नियम याच गोष्टीवर आहे. जागा आणि वेळ रहिवाशांशी बोलून ठरवायची, मुलांची आणि म्हाताऱ्या माणसांची वर्दळ असेल ती वेळ टाळायची, आणि घालणाऱ्याने घाण करायची नाही. कागद दाखवून भांडण्यापेक्षा मी तो नियम शेजारच्या काकूंच्या ओट्यावर बसून वाचून दाखवला. काकू कानडी घरच्या, आमचं बोलणं अर्धं मराठी अर्धं कानडी. त्यांनीच ती भिंत सुचवली.

वेळ दिवेलागणीची ठेवलीय. अर्ध्या तासात ताटल्या उचलायच्या, जागा धुऊन काढायची. रात्रभर अन्न राहिलं की उंदीर, घुशी, कुत्री सगळीच येतात, आणि बोल मांजरांना लागतो. ठरलेली वेळ पाळली की मांजरं मोजता येतात, नवीन कोण आलं, कोण लंगडतंय, कुणाचं पोट सुटलंय ते लगेच कळतं. आणि पकडायच्या दिवशी सगळी त्याच वेळी त्याच जागी हजर असतात. म्हणून मी जेवण घालणं आणि ऑपरेशन हे एकच काम मानते.

मासळी टाळायची असेल तर मांजरांचं कोरडं खाद्य, वर उकडलेलं अंडं कुस्करून.

पशुवैद्य, चिकोडी

बरोबर. मांजराला मांसाहार लागतोच. टॉरीन नावाचं द्रव्य त्याला अन्नातूनच मिळायला हवं, ते कमी पडलं की डोळे जातात, हृदय मोठं होतं. दूधभात पोट भरतो, पोषण करत नाही, शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. आजींना दुखवू नका, दुधाऐवजी अंडं द्या म्हणावं. कांदा-लसूण घातलेली आमटी, रस्सा कधीही नको. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

अनगोळची सून

माझा प्रश्न वेगळा आहे. मला चौथा महिना चालू आहे आणि सासूबाई म्हणतात मांजरांच्या जवळ जायचं नाही, बाळाला बाधतं. मी जेवण घालणं बंद करू का?

पशुवैद्य, चिकोडी

ताई, सासूबाईंच्या सांगण्यात तथ्य आहे, पण बंद करायची गरज नाही. पोटातल्या बाळाला बाधू शकणारे टोक्सोप्लाझ्मा नावाचे जंतू मांजराच्या विष्ठेतून जातात आणि बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी लागण करण्याजोगे होतात. तेव्हा विष्ठा साफ करणं, बागेत माती उकरणं हे घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. जेवण घालून साबणाने हात धुवा. भाज्या धुऊन, मटण पूर्ण शिजवून खा, लागण बऱ्याचदा त्या वाटेनेच होते. आणि तुमच्या डॉक्टरीणबाईंना हे जरूर विचारा.

पकडायला मात्र तुम्ही जाऊ नका. कुणालाही ओरखडा किंवा चावा लागला तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना. रेबीजची लस कातडीत टोचतात तेव्हा ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. ‘मांजरच तर आहे’ म्हणून थांबू नये.

खानापूरचा रानवाटा

आमच्याकडे पलीकडे भीमगडचं अभयारण्य, घरं कौलारू, पिंजरा लावला की कोण शिरेल सांगता येत नाही. उदमांजर फार येतं, फणसाच्या दिवसांत तर रोज. कधी जवादी मांजर, कधी रानमांजर. ही सगळी वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. रात्री पिंजऱ्यात आवाज आला तर आधी टॉर्चने बघा. लांब शेपूट, निमुळतं तोंड, अंगावर ठिपके-पट्टे दिसले तर झाकू नका, उचलू नका, काठीने लांबून दार उघडा आणि बाजूला व्हा.

रानाच्या कडेच्या गावांत हे काम जास्त गरजेचं आहे असं मला वाटतं. गावातली मांजरं रानात शिरतात, पाखरं, सरडे मारतात, रानमांजराशी त्यांचा संकरही होतो, आणि आपल्याकडचे रोग तिकडे जातात. म्हणून आम्ही जेवण घराच्या बाजूला घालतो, रानाच्या बाजूला कधीच नाही, आणि लस चुकवत नाही.

टिळकवाडीचे काका

एक शंका. कोर्टाचा निकाल आला ना, रस्त्यावर खायला घालायचं नाही, पकडून निवाऱ्यात ठेवायचं? शेजारी तोच मोबाईलवर दाखवतात.

शहापूरकरीण

काका, सर्वोच्च न्यायालयाचे ते आदेश भटक्या कुत्र्यांबाबतचे. ऑगस्ट २०२५ मध्ये आधी दिल्ली परिसरातली कुत्री निवाऱ्यात ठेवा म्हटलं, मग २२ ऑगस्टला त्यात बदल करून निर्बीजीकरण आणि लस झालेली, रेबीज नसलेली आणि आक्रमक नसलेली कुत्री त्याच भागात परत सोडा म्हटलं. जेवण घालायला ठरवलेली जागा हवी हेही त्यात आहे. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, स्टेशनं यांच्या आवारांबद्दल वेगळा आदेश आला, तोही कुत्र्यांचाच. मांजरांबद्दल त्यात काही नाही.

पालिकांच्या मोहिमाही बहुतेक कुत्र्यांसाठीच असतात. आणि १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या हेल्पलाइनला फोन केला तर येणारी गाडी मुख्यतः गाई-म्हशींसाठी. मांजरांचं आपल्यालाच करायला हवं. गल्लीत वर्गणी काढायची म्हटल्यावर गणपतीला देतात तितक्या मोकळ्या हाताने लोक देत नाहीत, पण देतात. मागवाल्या घरांनी पहिल्यांदा दिले.

वडगावचा मागवाला

देणारच की अक्का. पिल्लं मेलेली आम्हालाच उचलायला लागतात. पोरं रडतात.

आणखी एक, उन्हाळ्यात गल्लीत एकटं पिल्लू ओरडताना दिसलं की पोरं उचलून घरी आणतात. काय करायचं?

कॅम्पातली

लगेच उचलायचं नाही दादा. आई भक्ष्यासाठी गेलेली असते, नाहीतर एकेक करून जागा बदलत असते. लांबून दोन-चार तास बघा. ऊन, कुत्रा, गाडी यांचा धोका असेल तर तिथेच जवळ आडोशाला बुट्टीत (टोपलीत) ठेवा. आई आलीच नाही तर आधी ऊब द्यायची, मग खाणं. थंड पडलेल्या पिल्लाला पाजलं तर पचत नाही. गाईचं दूध नको, पिल्लांची दुधाची पावडर मिळते ती.

आणि माणसाळवायचं असेल तर दोन ते सात आठवड्यांत. त्या वयात हाताळलं तर घर मिळतं. तिरंगीच्या पिल्लांचं हेच बघा ताई, आठ आठवडे झाले की घरं शोधा, नाहीतर चौथ्या महिन्यात तीही पिंजऱ्याला.

शहापूरकरीण

मंडळी, ताजी खबर. मागाच्या खोलीतली पिल्लं सापडली. चार आहेत, बाहेर येऊन अंडं चाटून खातात, म्हणजे डॉक्टरसाहेब म्हणाले तसं चार-पाच आठवड्यांची. तिरंगीला शेवटी घ्यायचं ठरलंय, सकाळची पहिली केस म्हणून. पिल्लांपैकी दोघांना वडगावातच घरं मिळाली, दोन्ही ठिकाणी ऑपरेशन करायचं कबूल करून घेतलंय.

बोके आणि लहान भाट्या आधी. त्यांना पिंजऱ्यात जेवायची सवय लागलीय. काळी अजून दारापर्यंतच येते, पायपट्टीच्या अलीकडचं खाते आणि मागे फिरते. वरून पडणाऱ्या सापळ्याची चौकट सुताराने करून दिलीय. जाळी मिळाली की तिला त्यातच धरू.

बुधवारी संध्याकाळी गल्लीत कुणीही जेवण घालायचं नाही, गुरुवारी पहाटे पिंजरे लागतील. शहापूर-खासबागेतल्या कुणाकडे जाड जुन्या चादरी, मोठी बुट्टी किंवा बंद होणारी रिकामी खोली तीन-चार दिवसांसाठी असेल तर इथेच कळवा. चारचाकी असलेल्या एका माणसाची गुरुवारी सकाळी सात वाजता गरज आहे. रिक्षात दोनच पिंजरे मावतात.

अनगोळची सून

आमच्या मागच्या अंगणातली खोली रिकामी आहे ताई. सासूबाईंना विचारलं, त्या हो म्हणाल्या. चादरी मी धुऊन ठेवते, पिंजऱ्याला हात मात्र आमचे हे लावतील. आणि गाडीही आहे, सातला पोचतील.